आधी तिथी, मग होडी

कयाक घेऊन कोकणातल्या एखाद्या आडबाजूच्या गावी मासे गरवायला जायचं, असं ठाण्या-डोंबिवलीतल्या हौशी मंडळींनी ठरवलं की चर्चा बहुधा खरेदीपासून सुरू होते. रॉड कोणता, रील किती आकड्याचं, कयाक दहा फुटी की बारा फुटी. मग गाव ठरतं, खोली ठरते आणि सगळ्यांना सुट्टी असलेला शनिवार ठरतो. भरती-ओहोटीची आठवण होते ती किनाऱ्यावर पोहोचल्यावर, समोर पाण्याऐवजी शंभर मीटर चिखल दिसतो तेव्हा.

हा क्रम उलटा हवा. कयाकला इंजिन नाही, शीड नाही. माणसाचे दोन हात आणि पाण्याची चाल, एवढ्यावरच ती चालते. म्हणून आधी तिथी ठरवायची, तिथीवरून तास आणि तासावरून जागा. रॉड, रील आणि खोली यांचा विचार त्यानंतर. किनाऱ्यावरचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. त्यांचा हिशेब शिकायला पुस्तक लागत नाही, स्वयंपाकघरात टांगलेलं कॅलेंडर पुरतं.

पाऊणपटीचा हिशेब

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज साधारण तेवढीच पुढे सरकते. यावरून किनाऱ्यावर एक सोपा आडाखा रूढ आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हा आडाखा मुंबईच्या आसपास बऱ्यापैकी बसतो, पण घड्याळाइतका काटेकोर नाही. तिथीची लांबी कमी-जास्त होते, शिवाय भरतीची लाट कोकणात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. त्यामुळे रत्नागिरीकडे भरती मुंबईच्या आधी येते, तर खाडीत आत आत जावं तशी ती उशिरा पोहोचते. तारीख आडाख्यावरून निवडावी आणि नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांवरून पक्की करावी.

वेळेइतकाच महत्त्वाचा असतो जोर. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एकाच रेषेत येते. तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते आणि पाणी मंदावतं. हा भांग. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरच्या वर जातो, तर भांगात तो दीड-दोन मीटरपर्यंत उतरतो. सगळ्यात मंद पाणी अष्टमीला नसून तिच्यानंतर एक-दोन दिवसांनी असतं, कारण समुद्राला चंद्राच्या ओढीला प्रतिसाद द्यायला थोडा वेळ लागतो.

सहा तासांतही पाणी एका वेगानं हलत नाही. एकूण चढ-उताराचे बारा भाग मानले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असं पाणी सरकतं. निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच जातं-येतं. खाडीच्या तोंडाशी ओढ सगळ्यात जास्त असते ती याच दोन तासांत.

पाण्याचा जोर आणि हाताचा जोर

आता हे आकडे कयाकला लावून पाहू. सरावलेला पण खेळाडू नसलेला माणूस रुंद बुडाची मासेमारीची कयाक तासाला चार ते पाच किलोमीटर वेगानं वल्हवतो. तोही सलग दोन-तीन तास, पुढे हात उतरतात. खाडीच्या अरुंद तोंडात उधाणाची ओहोटी तेवढ्याच वेगानं बाहेर धावू शकते. म्हणजे माणूस जिवापाड वल्हवत राहील आणि काठावरचं झाड तिथंच दिसत राहील. थांबला की होडी समुद्राकडे निघाली.

म्हणून नवशिक्यानं महिन्यातले दोनच पट्टे मोकळे धरावेत: दोन्ही पक्षांतली षष्ठी ते दशमी. पाऊणपटीनं पाहा. षष्ठीला भरती पहाटे साडेचारला आणि ओहोटी पावणेअकराच्या सुमारास. अष्टमीला सकाळी सहा आणि दुपारी सव्वाबारा. दशमीला सकाळी साडेसात आणि दुपारी पावणेदोन. पाचही दिवशी सूर्योदयापासून दहा-अकरापर्यंतचा काळ मंद ओहोटीचा, किंवा भरतीच्या टोकाला थांबलेल्या पाण्याचा असतो. त्याचा दुहेरी फायदा होतो. सकाळी ताज्या हातांनी खाडीत वरच्या अंगाला जायचं, गरज पडली तर थोडं पाण्याच्या विरुद्ध, आणि दमल्यावर त्याच ओहोटीवर परत यायचं. जाताना कष्ट आणि येताना साथ. हे उलटं झालं की अपघाताची तयारी झाली म्हणून समजावं.

पट्ट्यात शनिवार-रविवार पडला नाही तर एक दिवस रजा टाकावी किंवा पुढच्या पक्षाची वाट पाहावी. सुट्टीसाठी उधाणात पाण्यात उतरू नये.

कोणती कयाक, आणि न्यायची कशी

कयाक मूळची आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बनवलेली, वरून बंद, शिकारीची होडी. आज उष्ण प्रदेशात मासेमारीसाठी चालते ती तिची दूरची नात, ‘सिट-ऑन-टॉप’. बंद पोकळ प्लास्टिकचं अंग, बसण्याची जागा वर उघडी, आणि आरपार भोकं, ज्यांतून आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. उलटली तरी ती भरून बुडत नाही, सरळ करून पुन्हा वर चढता येतं. पहिल्या होडीसाठी हाच प्रकार घ्यावा. दहा ते बारा फूट लांब, रुंद बुडाची, पंचवीस ते पस्तीस किलो वजनाची.

अडचण नेण्याची. एवढी होडी गाडीच्या टपावर मजबूत कॅरियरवर बांधून न्यावी लागते. दोन आडवे पट्टे पुरत नाहीत, पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगळे दोर हवेत, नाहीतर महामार्गावरच्या वाऱ्यात होडी उचलली जाते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ती मावत नाही, हेही विकत घेण्याआधी आठवावं. डोंबिवलीतल्या चौथ्या मजल्यावर बारा फुटी होडी जिन्यानं चढवणं हा वेगळाच क्रीडाप्रकार आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हवेनं फुगवायची किंवा घडीची कयाक जास्त सोयीची. चांगल्या जाड कापडाची फुगवायची कयाक बारा ते अठरा किलोंची असते आणि पाठीवरच्या पिशवीत बसते. घडीच्या होडीची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीतल्या रोझेनहाइम गावी योहान क्लेपर या शिंप्यानं 1907 मध्ये अशा होड्या विकायला सुरुवात केली. त्या रेल्वेनं नेता येत, हेच त्यांचं आकर्षण होतं. ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण 1932 मध्ये डॅन्यूब नदीतून घडीची कयाक घेऊन निघाला आणि 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. त्या सात वर्षांच्या प्रवासात भारताचा पश्चिम किनाराही त्यानं वल्ह्यानं पार केला. आपल्याकडेही मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी 2015 मध्ये मुंबई ते गोवा हा प्रवास कयाकनं एकट्यानं केला आणि पुढे गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत मजल मारली. हे सगळे कसलेले लोक, त्यांची बरोबरी आपल्याला करायची नाही. पण आपला किनारा वल्ह्यानं जोखता येतो, एवढं त्यातून कळतं.

रेल्वेचा विचार करायचा तर ठाणे-डोंबिवलीकरांचं नशीब चांगलं आहे. कोकणात जाणारी दिवा–सावंतवाडी गाडी दोघांच्या मधल्या दिवा स्थानकातूनच सुटते. डब्यात नेण्याच्या सामानाची मर्यादा 100 × 60 × 25 सेंटिमीटर आहे. वजनाची मोफत मर्यादा स्लीपरला 40 किलो आणि साध्या दुसऱ्या वर्गाला 35 किलो. फुगवायच्या कयाकची पिशवी घेताना हे माप डोळ्यांसमोर ठेवावं. टणक होडी डब्यात चालणार नाही.

तालीम घरच्या खाडीत

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही खाडीचीच गावं आहेत. लोकलच्या खिडकीबाहेर ती रोज दिसते म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही, एवढंच. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कल्याणजवळ भरतीच्या पाण्याला भेटते आणि डोंबिवलीचं मोठागाव, मुंब्र्याचं रेतीबंदर, ठाण्याचं कोलशेत, घोडबंदर असं करत वसईजवळ समुद्राला मिळते. या पाण्याला होड्यांचा इतिहासही मोठा आहे. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर स्वराज्याची पहिली जहाजं याच खाडीच्या काठी बांधायला घेतली. दुर्गाडी किल्ला आजही तिथं उभा आहे. चेंदणी, कोलशेत, बाळकूम, मोठागाव इथल्या कोळी-आगरी घरांतल्या जुन्या माणसांना खाडीतला जिताडा, बोई, निवटी आणि चिंबोरी अजून आठवते.

तालमीसाठी ही खाडी उत्तम आहे. तेही भांगाच्या दिवशी, भरतीच्या टोकाला, स्थानिक होडीवाल्याशी बोलून. इथं तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, पाण्याची ओढ प्रत्यक्ष अनुभवणं: अर्धा तास विरुद्ध वल्हवायचं, मग हात थांबवून होडी किती मागे जाते ते पाहायचं. दुसरी, चिखल. ओहोटीला खाडीचे काठ मांडीपर्यंत रुतवणारे असतात. होडी चिखलात बसली तर उतरून ढकलायची नाही, तिच्यावरच बसून भरतीची वाट पाहायची. तिसरी, उलटलेल्या होडीवर परत चढणं. ते मात्र आधी स्वच्छ, उथळ पाण्यात, सोबत जाणकार असताना शिकावं. होडी सरळ करायची, मधोमध पकडून पाय झाडत आधी पोटावर आडवं पडायचं, मग वळून बसायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. लाइफ जॅकेट घालून, भिजलेल्या कपड्यांनिशी, सलग पाच वेळा हे जमेपर्यंत समुद्राचा विचार करू नये. पोहणं येत नसेल तर आधी तरणतलावाची पायरी.

इथं मासा पकडून ताटात घेण्याचा मोह मात्र आवरावा. कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी उल्हास आणि ठाणे, दोन्ही खाड्यांनी कित्येक दशकं पोटात घेतलं आहे. त्वचेवर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नये आणि धनुर्वाताचं इंजेक्शन ताजं असावं. ऐरोलीकडचा ठाणे खाडीचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथं परवानगीशिवाय होडी घालायची नाही. आणखी दक्षिणेला तुर्भे-ट्रॉम्बेकडे अणुसंशोधन केंद्राच्या सुरक्षेचा परिसर लागतो, तिकडे फिरकायचंच नाही.

गाव कसं निवडावं: वेळास-बाणकोटचं उदाहरण

पहिल्या सहलीसाठी उघड्या समुद्रावरचं गाव नको, खाडीच्या मुखावरचं हवं. खाडीत लाट नसते, वारा कमी लागतो, दोन्ही बाजूंना काठ असतो, आणि मासाही जास्त करून तिथंच असतो. कोकणात अशी गावं ओळीनं आहेत: सावित्रीच्या मुखावर बाणकोट, जोग नदीवर आंजर्ले, वाशिष्ठीवर दाभोळ, शास्त्रीवर जयगड, मुचकुंदीवर पूर्णगड, वाघोटणवर विजयदुर्ग. उदाहरणादाखल बाणकोट आणि त्याच्या शेजारचं वेळास घेऊ.

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री महाडवरून येऊन इथं समुद्राला मिळते. उत्तरेला रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर आणि बागमांडले, दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्यातलं वेसवी आणि बाणकोट. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांच्या साथीनं इथल्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. 2006 पासून भरणाऱ्या कासव महोत्सवामुळे गावात घरगुती राहण्याची सोय झाली. म्हणजे गाव आडबाजूला, पण निवारा आहे.

डोंबिवलीहून पनवेल, माणगाव, महाड, मंडणगड असं रस्त्यानं जाता येतं, किंवा माणगावहून म्हसळामार्गे बागमांडल्याला येऊन फेरीबोटीनं वेसवीला उतरता येतं. दुसऱ्या वाटेचा एक फायदा आहे. फेरीबोटीवरूनच खाडीचं तोंड, वाळूचे दांडे आणि पाण्याची ओढ स्वतःच्या डोळ्यांनी पाहून होते. रेल्वेनं गेल्यास माणगाव किंवा वीर स्थानकाला उतरून पुढे एसटी किंवा जीप. पेट्रोल, रोकड, औषधं हे महाड किंवा माणगावातच उरकावं. मोठ्या दवाखान्याची गरज पडली तर परत तिकडेच यावं लागेल, हेही ध्यानात ठेवावं.

सावित्रीबद्दल दोन सूचना. वरच्या अंगाला, महाडच्या बाजूला, नदीत मगरी आहेत आणि तिथंच रासायनिक औद्योगिक वसाहतही आहे. आपण मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यातच राहावं, फार आत जाऊ नये.

सकाळच्या चार तासांचा आराखडा

पोहोचल्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. दिवसा ओहोटीच्या वेळी काठावर फिरायचं. कारण पाणी उतरलं की खाडी आपला तळ दाखवते: दांडा कुठं आहे, खडप कुठं, खोल पट्टा कोणत्या काठानं जातो, खाजणातून येणाऱ्या ओहळांची तोंडं कुठं उघडतात. हीच तोंडं दुसऱ्या दिवशीची मासेमारीची जागा.

यामागचं कारण साधं आहे. भरतीला पाणी कांदळवनात शिरतं, त्याच्यासोबत कोळंबी आणि बारीक मासळी मुळांच्या आडोशाला चरायला जाते. ओहोटी लागली की पाणी ओहळांतून बाहेर ओढलं जातं आणि ही सगळी मासळी अरुंद तोंडातून बाहेर पडते. जिताडा, तांबोशी आणि गोब्रा नेमके तिथं दबा धरून बसतात. म्हणून मंद ओहोटीची सकाळ माणसाला सुरक्षित असते आणि गळालाही फळते.

उजाडल्यावरच निघावं. बाणकोट-वेसवीच्या बाजूनं, फेरीबोटीची वाट टाळून, काठ धरून वर जायचं. ओहळाच्या तोंडापासून वीस-पंचवीस मीटरवर छोटा नांगर टाकायचा. नांगराचा दोर नेहमी होडीच्या टोकाला बांधायचा. आडव्या बाजूला बांधला तर ओढीत होडी कलंडते. आमिषाला जिवंत कोळंबी सगळ्यात चांगली, ती गावातल्या पागवाल्याकडून मिळाली तर उत्तम. तंगूस फार जाड नको, पण गळाजवळचा हातभर तुकडा जाड हवा, कारण जिताड्याचे कल्ल्यांचे पत्रे धारदार असतात. वाळूच्या पट्ट्यात हलका गळ टाकला तर मुडदुशी लागते. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करावा. मासा सोडणं सोपं होतं आणि स्वतःच्या बोटात गळ गेला तर तो निघतोही.

जिताड्याची एक गोष्ट फारशी माहीत नसते. तो आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे खाडीतला सगळ्यात मोठा जिताडा ही बहुधा अंडी घालणारी मादी असते. फोटो काढून तिला सोडून द्यावं. घरी न्यायला मधल्या आकाराचा एक मासा पुरतो. शिंगाळ्याला मात्र हात लावताना जपून: पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक, असे तीन दातेरी काटे त्याला असतात. उथळ पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नये, घासत न्यावा, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट सरकून जातं. पाकटाचा काटा लागलाच तर भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांच्या आत, बुडवून ठेवावा. त्यानं वेदना कमी होते. मग दवाखाना गाठावा.

साडेदहाला नांगर उचलायचा, मासा लागो न लागो.

वारा आणि ऋतू

साडेदहाच का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे मंद असतात. दिवस वर येतो तशी जमीन तापते आणि दुपारकडे समुद्रावरून खारे वारे सुटतात, उत्तरार्धात चांगलेच जोराचे. ओहोटी बाहेर निघालेली आणि वारा समुद्रावरून आत येणारा, अशी गाठ पडली की खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या, तुटणाऱ्या लाटा उठतात. मोठ्या होडीला त्यांचं काही वाटत नाही, कयाकला त्या उलटवतात.

ऋतूचंही असंच. जून ते सप्टेंबर हा काळ कयाकसाठी बंदच समजावा. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. हा माशांच्या विणीचा आणि खवळलेल्या समुद्राचा काळ. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राची पूजा करून हंगाम सुरू करतात, पण त्यांच्या नौका आणि आपली कयाक यांत फरक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात वादळं येतात. नोव्हेंबर 2009 मधलं फयान कोकणातले मच्छीमार विसरलेले नाहीत, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं तर श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत बागा झोपवल्या. एप्रिल-मेमध्ये वारा नसतानाही दूर दक्षिण महासागरातून आलेल्या लांब लाटा किनाऱ्यावर आदळू शकतात. पहिल्या सहलीला डिसेंबर ते फेब्रुवारी हेच महिने चांगले. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा आणि समुद्रस्थितीचा अंदाज रोज देते, हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो. निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही पाहावेत. लाल-केशरी इशारा असेल तर हरिहरेश्वराचं दर्शन घेऊन परतावं.

गावाचा मान, कायद्याचं भान

ज्या पाण्यात आपण हौस म्हणून जातो ते कुणाच्या तरी पोटापाण्याचं आहे. पोहोचल्याबरोबर गावच्या मच्छीमार संस्थेत किंवा एखाद्या जाणत्या होडीवाल्याकडे जाऊन “दादा, उद्या सकाळी खाडीत गरवायला जायचंय, कुठं जाऊ नये?” असं विचारावं. ‘कुठं जाऊ’ यापेक्षा ‘कुठं जाऊ नये’ या प्रश्नाचं उत्तर जास्त मोलाचं आणि जास्त मोकळेपणानं मिळतं. जाळी कुठं लावली आहेत, दांडा यंदा कुठं सरकला, हे कुठल्याही नकाशात नसतं. तास-दोन तासांसाठी त्यांचीच होडी सोबतीला भाड्यानं घेतली तर पैसे सत्कारणी लागतात. पकडलेला मासा विकू नये. जाळ्याच्या बोयाला होडी बांधू नये.

2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर सुरक्षा कडक आहे. अनोळखी माणूस अनोळखी होडीत दिसला की चौकशी होणारच, आणि ती व्हायलाच हवी. आधार कार्ड जवळ ठेवावं, सागरी पोलिसांना आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी कल्पना द्यावी. समुद्री कासव, डॉल्फिन, करवत मासा, देवमासा हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. चुकून गळाला लागलं तर तंगूस कापून सोडून द्यावं. माशांच्या अनेक जातींचं किमान आकारमान राज्य सरकारनं 2023 मध्ये ठरवून दिलं आहे. त्याहून लहान मासा ठेवायचा नाही. हिवाळा हा वेळासच्या पुळणीवर कासवांनी अंडी घालण्याचा काळ, म्हणून रात्री तिथं दिवे घेऊन फिरू नये आणि तंगुसाचा एक तुकडाही मागे ठेवू नये.

आणि राहत्या घरी मासा आणण्याआधी यजमानांना विचारावं. कोकणातल्या कित्येक घरांत चूल शाकाहारी असते.

सोबत काय हवं

लाइफ जॅकेट अंगावर हवं, होडीत ठेवलेलं नको. त्याला शिट्टी बांधलेली. जादा वल्हं. वल्ह्याला आणि रॉडला होडीशी जोडणारी दोरी. म्यानातली सुरी, जी एका हातानं निघेल. पाणी न शिरणाऱ्या पाकिटात चार्ज केलेला फोन. माणशी दोन-तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा लवकर वाळणारा शर्ट. होडी आणि जॅकेट नारिंगी किंवा पिवळं असावं, कारण निळी होडी पाण्यात दिसत नाही. एकट्यानं जाऊ नये, दोन होड्या हव्यातच.

काठावर एक माणूस असा असावा, जो त्या सकाळी दुसरं काहीच करणार नाही. त्याच्याकडे एका कागदावर लिहून ठेवावं: कोण गेलं, होडीचा रंग, कुठून निघाले, कुठपर्यंत जाणार, किती वाजता परतणार, आणि किती वाजेपर्यंत आले नाहीत तर फोन करायचा. कुणाला करायचा तेही त्याच कागदावर: सागरी सुरक्षा 1093, तटरक्षक दल 1554. होडी उलटली आणि पुन्हा चढता आलं नाही तर होडी सोडून पोहत सुटू नये. तिला धरून तरंगत राहावं. पाण्यात माणसाचं डोकं दिसत नाही, बारा फुटी नारिंगी होडी दिसते.

एवढं वाचून कयाकची जाहिरात शोधायला घेण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जा. डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या दोन्ही पक्षांतल्या षष्ठी ते दशमीभोवती पेन्सिलीनं गोल करा. त्यांतला पहिला पट्टा घरच्या खाडीत तालमीसाठी ठेवा, दुसरा गाव पाहून येण्यासाठी आणि तिसरा गळासाठी. त्या दिवशी वारा किंवा इशारा विरोधात असेल तर होडी गाडीवरून उतरवू नका. पंधरा दिवसांनी पुन्हा षष्ठी येते.